मोरपंखी गाडीची दारं

सर अशी अचानक आली, की आधी खांद्यावरची रेक्झिनची गुंडाळी वाचवावी की स्वतःला, हेही झेबाला ठरवता आलं नाही. एस.टी. स्टँडवरून तिच्या दुकानाकडे जाताना वाटेत अब्दुलमामूंचं गॅरेज लागतं. त्याच्या दारात त्यांची मोरपंखी रंगाची गाडी उभी होती आणि तिचं एक दार उघडं होतं. उघडं म्हणजे बाजूला नव्हे हं — सरळ वर! बिजागऱ्या छपराला आणि दार आभाळाकडे. खाली चांगला ऐसपैस आडोसा झाला होता. मागचापुढचा विचार न करता झेबा त्यात शिरली.

भादव्याचा पाऊस तो, लहरी. घटकाभर धो धो आणि मग लख्ख ऊन. तेवढा वेळ काढायचा होता, बस्स. ती रेक्झिनवरचं पाणी झटकत होती, तोच डोक्याला काहीतरी टेकलं. अगदी हलकेच. तिनं मान वाकवली. ते आणखी खाली आलं. तिनं गुडघे वाकवले... तर तेही तिच्यामागोमाग खाली!

"या अल्लाह! अहो, कुणी आहे का इथं?"

गाडीच्या पलीकडून एक डोकं वर आलं. कपाळावर केस, नाकावर ग्रीस.

"हलू नका!"

"हलू कशी? तुमच्या दारानं धरून ठेवलंय मला!"

"तेच म्हणतोय. तुम्ही निघालात तर ते धाडकन पडेल, काच फुटेल. थांबा हं, बांबू आणतो."

"म्हणजे मी काय टेकू आहे?"

"आत्तापुरत्या," असं म्हणून तो चक्क हसला.

बांबू आला, दाराखाली बसला आणि झेबाची सुटका झाली. तो समोर उभा होता. उंच, सावळा, आणि डोळ्यांत अजून ते हसू. झेबाला खरं तर चांगलं फैलावर घ्यायचं होतं त्याला. पण ऐन वेळी ओढणी नीट करण्यातच सगळा राग गेला.

"लागलं का कुठे?"

"डोक्याला नाही."

"मग?"

"अपमान झाला."

"त्यावर चहा चालतो का?"

"त्यावर माफी चालते."

"माफी तर मागतोच," तो म्हणाला, "चहा वेगळा."

तो मामूंच्या बहिणीचा मुलगा, नवेद. नाशिकला एका कारखान्यात कामाला होता आणि रजा काढून आला होता. का आला, ते सगळ्या जव्हारला ठाऊक होतं. मामूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नट हातात धरून ते तो जमिनीवर शोधत. ऑपरेशन नाशिकला करायचं, आणि त्यासाठी ही गाडी विकायची. कधी काळी दाभोशाच्या धबधब्यावर एक सिनेमाची कंपनी आली होती. हिरोची ही विलायती गाडी दगडावर आपटली आणि मामूंकडे आली. पुढे कंपनी बुडाली. दुरुस्तीच्या बदल्यात मालकानं गाडीच मामूंच्या नावावर करून दिली. मामूंनी तिला लेकीसारखी जपली होती. आता नाशिकचा एक हॉटेलवाला शेठ ती घ्यायला तयार झाला होता. हॉटेलच्या दारात शोभेला ठेवणार होता तो. त्याची अट एकच, दारं आपली आपण वर राहिली पाहिजेत. "बांबू लावलेली गाडी मी गिऱ्हाइकांना काय दाखवू?" असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

म्हणजे हिशेब सरळ होता. दारं वर राहिली की गाडी विकली जाणार, मामूंचं ऑपरेशन होणार, गॅरेजला कुलूप लागणार आणि मामूंना घेऊन नवेद नाशिकला जाणार. हे सगळं झेबानं पहिल्या दिवशी ऐकलं, तेव्हा तिला त्यात वाईट असं काहीच दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो झेबाच्या दुकानात हजर झाला. दुकान म्हणजे नूरुन्निसाबींचं कुशनवर्क. जव्हार-मोखाड्याच्या निम्म्या जीपगाड्यांच्या गाद्या त्या मायलेकींनी शिवलेल्या.

"गाडीच्या दारांचं आतलं अस्तर तुम्ही शिवलंय म्हणे?" त्यानं विचारलं.

"मी," झेबा म्हणाली. "का? त्यातही काही खोट निघाली?"

"खोट? अहो, आमच्या कारखान्यात मशीनवर इतकी सरळ शिलाई येत नाही! एके ठिकाणी कड जरा निघालीय, तेवढी बघता का? बाकी मी हातही लावलेला नाही. आतून तपासायचं मनात होतं, पण इतकं सुंदर काम उसवायला जीव होईना."

"उसवलंत तर याद राखा," झेबा म्हणाली. आतून मात्र ती फुलून गेली होती. आणि इथंच, बघा, दोघांनीही माती खाल्ली. पण ते पुढे.

मग सुरू झाला दारांचा आजार शोधायचा कार्यक्रम. दाराला आतून एक गॅसचा दांडा असतो, तो दार वर ढकलतो. छपरात पीळ दिलेली एक पोलादी सळई असते, ती खेचून धरते. दोघांनी मिळून दार पेलायचं. "दोघांपैकी एकजण कामचुकार झालाय," नवेद म्हणाला, "कोण, ते शोधायचं." एकानं दार धरल्याशिवाय दुसऱ्याला काम करता येईना, आणि मामूंचे हात आता थरथरायचे. त्यामुळे कड शिवायला आलेली झेबा रोज थोडा वेळ दार धरून उभी राहू लागली. त्या निघालेल्या कडेला टाके घालायचं मात्र काही केल्या जमत नव्हतं. आज दोरा नाही, उद्या सुई मोडली... नूरुन्निसाबी सगळं बघत होत्या.

"दमलात?" तो दाराखालून विचारी.

"टेकू दमतात का कधी?"

"ते मी चुकून बोललो हो. किती दिवस टोचणार आहात?"

"तुम्ही असेपर्यंत."

 तो नुसता पान्याशी चाळा करत बसला.  "तुम्ही असेपर्यंत" हे शब्द तोंडून गेल्यावर पहिल्यांदाच झेबाच्या लक्षात आलं, की हा इथं नसणारही आहे.

जव्हार-दाभोसा फेऱ्या मारणारा पोश्या रोज जीप हळू करून खिडकीतून डोकं बाहेर काढी. "ना, पोरा, ही गाडी उडं का काय? का नुसते पंख दावं?"

"उडेल काका, जरा दम धरा!"

"धरतू की. पर ती पोरगी किती दिस धरल?" असं म्हणून पोश्या हॉर्न देत निघून जाई आणि झेबा लाल होई.

नवेदनं नाशिकहून नवे गॅसचे दांडे मागवले. एस.टी.च्या ड्रायव्हरच्या पायाशी बसून ते आले. बसवले तेव्हा भर दुपार होती, आणि उघाडीलाही बरेच दिवस झाले होते. खटका दाबला आणि दार सुळकन वर गेलं. गेलं ते राहिलंच! मामूंनी अंदाजानं हात वर करून दार चाचपलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की नवेदनं त्यांना मिठीच मारली. झेबानं टाळ्या वाजवल्या. मग घरी जाऊन उगीचच आईवर चिडली.

रात्री पाऊस कोसळला. सकाळी दार पुन्हा खाली!

"थंडीनं गॅस आखडतो," नवेद म्हणाला. "इथल्या धुक्यात दांड्यांचं काय चालणार? शेठ परवा सकाळीच येतोय. आता छपरातल्या सळईलाच पीळ वाढवावा लागेल."

"त्या सळईला हात लावू नकोस, बेटा," मामू आतून म्हणाले. "ती सुटली ना, तर मनगट घेऊन जाईल. माझ्या उस्तादांचं गेलेलं पाहिलंय मी."

"बघू मामू. काहीतरी करावंच लागेल."

तो बिजागऱ्यांना तेल घालायला वळला, आणि झेबानं एकदाची ती कड शिवायला घेतली. गाडीत बसली, अस्तर नीट बसावं म्हणून दाराच्या खालच्या बाजूला अंगठा दाबला. आणि... चुळुक! आतून गार पाणी तिच्या बोटांवर आलं. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा चुळुक. आत पाणी होतं. आणि पाण्यात भिजून शिळ्या भाकरीसारखा फुगलेला काथ्या.

तो तिनंच भरला होता. वैशाखात, स्वतःच्या हातानं.

पावसाळ्याआधी घरं शाकारावीत तशी जव्हारात जीपची दारं भरतात. अस्तर काढायचं, आत काथ्या ठासायचा आणि दाराच्या तळाची भोकं डांबरानं बुजवायची, म्हणजे चाकांनी उडवलेला लाल चिखल आत येत नाही. जीपचं दार पडलं बाजूला उघडणारं, ते जड झालं म्हणून काय बिघडतं? मामू म्हणाले होते, "माझ्या लाडकीलाही भर गं पावसाआधी." झेबानंही लाडच केले. जीपला दोन मुठी, तर हिला चार. वरून एकूण एक भोक बुजवलं. खिडकीच्या फटीतून झिरपलेलं पाणी जाणार कुठून? पावसाबरोबर दार जड व्हायचं, उन्हाबरोबर हलकं. दांडे बिचारे उगीच बदनाम झाले होते.

सांगायला तोंड उघडलं तिनं. समोर नवेद पाठमोरा उभा होता. मानेवर तेलाचा ओघळ. काहीतरी गुणगुणत होता. आत्ता सांगितलं, तर तासाभरात दार वर जाईल. परवा शेठ येईल. परवा हाही जाईल.

झेबानं तोंड मिटलं, टाका घातला, दोरा दातानं तोडला.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं. नूरुन्निसाबींनी घासभर खाऊन ताट सरकवलं. "कुणावर एवढी खारट झालीस गं?"  झेबाला सारखे मामू दिसत होते. दुपारी त्यांनी तिच्यासाठी चहा ओतला होता, कपाशेजारी, टेबलावर. आणि तो सांडल्याचंही त्यांना कळलं नव्हतं. आपल्याला एक माणूस डोळ्यांसमोर हवं, म्हणून दुसऱ्याचे डोळे अडवून ठेवायचे? तिला स्वतःची शरम वाटली. उद्या सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. मग म्हटलं, उद्या संध्याकाळी.

सकाळी पोश्या फाटकी सीट घेऊन दुकानात आला. "तुझा तो नाशिकवाला लांब पाइप मागत हुता माझ्यापाशी. छपरातल्या सळईला पीळ देतू म्हनं. दिला बाबा."

झेबाच्या हातातली कात्री गळून पडली. चपला घालायचंही तिला सुचलं नाही. अनवाणीच धावत सुटली ती. बाजारातून, भाजीवाल्यांच्या टोपल्या चुकवत, चिखल उडवत. लोक बघत राहिले. बघोत!

गॅरेजमध्ये नवेद गाडीवर चढला होता. सळईला पाइप लावलेला, दोन्ही हातांच्या शिरा ताठ.

"थांबा! सोडा तो पाइप! नवेद... आधी सोडा!"

त्यानं दचकून पाहिलं. हळूहळू पीळ परत सैल केला, पाइप बाजूला ठेवला आणि खाली उतरला. त्याचे दोन्ही हात जागच्या जागी आहेत हे बघून झेबाला रडूच फुटलं.

"सळईचा दोष नाही. दांड्याचाही नाही. माझा दोष आहे. दारात मी काथ्या भरलाय, भोकं बुजवलीत. आत नुसतं पाणी साचलंय... दार त्यानं जड झालंय."

"अहो, मग रडताय कशाला? तुम्हाला काय माहीत..."

"माहीत होतं मला! काल कळलं. तुमच्या पाठीमागे बसून कळलं, आणि मी नाही सांगितलं."

"का?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सोडवलं. पुन्हा गुंडाळलं.

"दारं वर राहिली असती, तर तुम्ही गेला असतात ना..."

बोलून गेली, आणि मग जमीन दुभंगेल तर बरं असं तिला झालं.  पन्हळीचं पाणी तेवढं टपटपत होतं.

"झेबा," तो हळूच म्हणाला. आज पहिल्यांदा त्याच्या तोंडून नुसतं नाव आलं. "रोज सकाळी दार पडलेलं दिसलं ना, की मला आधी बरंच वाटायचं. मग मामूंकडे बघून लाज वाटायची. आज पाइप घेतला, तो त्या लाजेपायीच. नाहीतर मामूंनी सांगितलेलं मला ऐकू आलं नव्हतं का?"

झेबानं मान वर केली. तो हसत नव्हता. पण त्याच्या डोळ्यांत जे होतं, ते हसण्याहून कितीतरी बरं होतं.

"मग आता?" तिनं विचारलं.

"आता तुझं सुंदर अस्तर उसवायचं. परवानगी आहे?"

"मीच उसवते."

तिनं आपल्या हातानं टाके कापले, नवेदनं डांबर खरवडून काढलं. पाण्याची अशी धार लागली, की दोघांचे पाय भिजले. कुजका काथ्या निघाला, ओंजळीच्या ओंजळी. आणि शेवटच्या ओंजळीतून एक इवलासा बेडूक टुणकन उडी मारून मामूंच्या दिशेनं गेला. दोघांना इतकं हसू आलं, की उभं राहवेना.

"काय झालं रे?" मामूंनी विचारलं. "दार वर गेलं का?"

नवेदनं खटका दाबला. दार वर गेलं. सावकाश, डौलात, आणि तिथंच राहिलं.

"गेलं मामू," झेबा म्हणाली. "आता तुम्हाला दिसेल सगळं."

दुसरं दारही तसंच रिकामं केलं, आणि शेठ ठरल्या दिवशी आला. दोन्ही दारं वर बघून लहान मुलासारखा गाडीभोवती फिरला आणि व्यवहार झाला. गाडी नाशिकपर्यंत नवेदच चालवत नेणार होता, शेजारी मामूंना बसवून. निघताना तो दुकानापाशी थांबला. नूरुन्निसाबी समोरच बसलेल्या, म्हणजे काय बोलणार?

"येतो," तो म्हणाला.

"जातो म्हणत नाहीत, म्हणून म्हणताय की खरंच?" झेबानं मान खाली घालून विचारलं.

"नाशिकहून इकडे यायलाही हाच रस्ता आहे," एवढंच तो बोलला. मग मोरपंखी गाडी घाटाच्या वळणाला दिसेनाशी झाली.

त्यानंतरचे दिवस झेबानं कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. गॅरेजच्या कुलपाकडे ती बघायची नाही, म्हणजे रोज दहादा ठरवून बघायची नाही. मोबाइल अजून जव्हारच्या पठारावर चढला नव्हता. कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर एकदा फोन आला, तो मामूंचं ऑपरेशन नीट झाल्याचा. घ्यायला नूरुन्निसाबी गेल्या होत्या. "आणखी काही म्हणाले?" झेबानं विचारलं. "लाइन कटली," अम्मी म्हणाली आणि शिलाई मशीन जोरात चालवू लागली. आठवून आठवून झेबाला वाटू लागलं, की तो रस्त्याबद्दल जे बोलला, ते नुसतं रस्त्याबद्दलच असेल.

आणि एका सकाळी, शेतं पिवळी पडू लागली होती तेव्हा, दुकानाच्या पायरीवर काठी वाजली. मामू! पांढरीशुभ्र टोपी, इस्त्रीचा कुर्ता आणि नुकत्याच ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या डोळ्यावर हिरवी पट्टी. मागे नवेद. त्याच्या हातात मिठाईचा पुडा, आणि गॅरेजसमोर उतरवलेली त्याची लोखंडी पेटी इथूनही दिसत होती.

"नूरुन्निसाबी," मामू बसत म्हणाले, "कारखान्याची नोकरी सोडून आलंय हे पोरगं. म्हणतंय, गॅरेज मीच चालवणार. जीपगाड्या काय, इथं पोटापुरत्या बिघडतातच. पण एकट्याचं मन लागणार नाही म्हणतो. तेव्हा मी लग्नाचा पैगाम घेऊन आलोय. एकाच डोळ्यानं बघतोय सध्या, पण पोरगी चांगली दिसते."

"पोरगी जव्हारातच राहणार असेल, तर माझी ना नाही," नूरुन्निसाबी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आश्चर्य अजिबात नव्हतं. फोन कटला होता म्हणे! "पण तिला विचारायला हवं. झेबा, बोल बेटी. तुझी मर्जी आहे?"

झेबा पडद्याच्या कडेला उभी होती. तिनं पडद्याची कड मुठीत धरली.

मामूंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि खुशीत मान डोलावली. "गप्प आहे. आपल्यात मुलगी गप्प राहिली, की होकारच समजतात. मुबारक हो! नवेद, पुडा सोड."

"थांबा मामू!"

सगळे दचकले. नवेदचा चेहरा तर पांढराफटक पडला. झेबा पडदा सारून पुढे आली. तिचे कान तापले होते, पण नजर सरळ होती.

"मी एकदा गप्प बसले होते, तर यांचं मनगट जाता जाता वाचलं. गप्प बसण्याचा कुणी काहीही अर्थ काढतं. आता मी बोलूनच सांगणार." तिनं श्वास घेतला. "हो. मला हेच हवे आहेत. माझा होकार आहे."

हे तिनं इतक्या मोठ्यांदा सांगितलं, की रस्त्यापलीकडे जीपमध्ये गिऱ्हाईक भरत असलेल्या पोश्यानंही ऐकलं, आणि त्यानं जो हॉर्न दाबून धरला, तो सोडीचना. मामू हसू लागले. नूरुन्निसाबींनी ओढणीनं डोळे टिपले. एरवी शब्दाला शब्द देणारा नवेद मात्र मिठाईचा पुडा छातीशी धरून नुसता बघत उभा राहिला.